सियालदहचा इंडेक्स आणि माझी सवत

मी मत्सरी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला धक्का बसायला नको. थोरल्या जावेच्या मोदकाच्या कळ्या, शेजारच्या बोसबाईंचा गळा, नवऱ्याला पाठ टेकताच लागणारी झोप, या सगळ्यांवर मी आयुष्यभर जळत आले आहे. पण ही सगळी माणसं होती, आणि माणसांवर जळण्यात एक सोय असते. जावेचा मोदक एखाद्या वर्षी फुटतो, बोसबाईंना सर्दी होते, आणि आपल्याला दोन दिवस बरं वाटतं. नोकरीच्या शेवटच्या काळात मात्र माझ्या वाट्याला असा मत्सर आला की ज्याच्यावर जळायचं त्याला सर्दीसुद्धा होत नाही.

माझी नोकरी कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधली, सेक्टर फाइव्हची. नवऱ्याची बँकेतली बदली इथे झाली, पुढची त्याने टाळली आणि आम्ही इथलेच झालो. एका लहानशा कंपनीत मी दुसऱ्यांचे डेटाबेस सांभाळायचे. आमची स्वतःची एकही वस्तू आम्ही विकत नव्हतो. कुणाचं हॉस्पिटल, कुणाची ट्रकची एजन्सी, कुणाचं दुकान, त्यांच्या नोंदी ज्या यंत्रात असतात ते यंत्र नीट चालवायचं, एवढाच धंदा. पुण्याच्या नातेवाइकांना मी काय करते ते शेवटपर्यंत समजलं नाही. कुठल्याही लग्नात कुणीतरी हमखास मोबाइल पुढे करून म्हणायचं, ‘अनघा, हा जरा हँग होतोय, बघ गं.’

त्यातही माझा जीव इंडेक्समध्ये. ही काय भानगड आहे ते सांगते. आमच्या सॉल्ट लेकमध्ये ब्लॉकचं अक्षर आणि घराचा नंबर सांगितला की पोस्टमन सरळ तुमच्या फाटकाशी येतो. पण त्याला नुसतं ‘त्या मांजरवाल्या काकूंचं घर’ म्हणून पाठवलं, तर बिचाऱ्याला प्रत्येक फाटकातून आत डोकवावं लागेल, आणि कोलकात्यात मांजर नाही असं घर विरळा. डेटाबेसचंही तसंच. लाखो नोंदी एकाखाली एक पडलेल्या असतात. लोक त्या कशावरून शोधणार आहेत हे आधी ओळखून तेवढ्यापुरती एक वाट आखून ठेवायची. ती वाट म्हणजे इंडेक्स. वाट असली की उत्तर बोट उचलायच्या आत येतं. नसली की यंत्र पहिल्या फाटकापासून डोकवायला सुरुवात करतं, आणि काउंटरवरचा माणूस जांभया देतो.

मग सगळ्याच गोष्टींचा इंडेक्स का करून ठेवू नये? हा प्रश्न एका कुरिअर कंपनीच्या मॅनेजरला पडला होता, आणि दुर्दैवाने मी तेव्हा भाचीच्या लग्नाला नागपुरात होते. इंडेक्सने काम झपाट्याने होतं एवढं त्याने माझ्याकडून ऐकलं होतं. त्याने आपल्या माणसाला बसवून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स चढवला. पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, पिन कोड, वजन, पार्सलचा रंग, शेरा, काही म्हणून सोडलं नाही. मी परत आले तर त्याच्या ऑफिसात पार्सलवाल्यांची रांग जिन्यापर्यंत आलेली, आणि हा टेबलामागे खुशीत. शोधायला सांगा, म्हणाला, काहीही शोधायला सांगा. शोधणं खरंच झटपट होत होतं. पण एक नवीन पार्सल नोंदवायचं तर यंत्राला त्या सगळ्या वाटा पुन्हा आखाव्या लागत होत्या. मी त्याला स्वयंपाकघरातलं उदाहरण दिलं. डब्यावर एक चिठ्ठी असली की डाळ सापडते. पण झाकणावर एक, बाजूला एक, बुडाशी एक आणि कपाटाच्या दारावर एक, अशा चिठ्ठ्या लावल्या तर डब्यात तुरीऐवजी मूग भरायचे म्हटलं की अर्धा दिवस चिठ्ठ्या बदलण्यात जातो. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण शोधणं तर फास्ट झालं ना? मी म्हटलं, नोंदच झाली नाही तर शोधाल काय?

म्हणून इंडेक्स कुठे लावायचा आणि कुठला काढून टाकायचा, हे ठरवण्यात खरी कला आहे, असं मी मानत आले. कला म्हणायला लाजत नाही. त्यासाठी यंत्रापेक्षा माणसं जास्त बघावी लागतात, आणि माणसं बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मला वाटायचं.

आता साहाबाबूंकडे येते. सियालदह स्टेशनाजवळच्या एका गल्लीत त्यांची औषधांची घाऊक पेढी आहे. बराकपूर, नैहाटी, श्यामनगर, कुठून कुठून औषधांचे दुकानदार सकाळच्या गाडीने सियालदहला उतरतात, साहाबाबूंच्या काउंटरवर माल घेतात आणि आपलं दुकान उघडायच्या आत परतीची गाडी पकडतात. त्यामुळे त्या काउंटरवर सकाळी कुणालाही धीर नसतो. साहाबाबू आमच्याकडे आले ते याच तक्रारीने. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की यंत्र विचारात पडतं, म्हणाले. मी ऑफिसातून बघितलं, तर दुकानाच्या नावावर इंडेक्स होता, लायसन्स नंबरवर होता, मालकाच्या नावावर होता. सगळं जागच्या जागी. कागदावर काही दोष नव्हता.

मग मी जाऊन काउंटरमागे एका स्टुलावर बसले. तिथे शंभूदा म्हणून जुने कारकून होते, त्यांच्या खांद्यावरून बघत राहिले. एक जाडगेला माणूस पिशव्या सांभाळत आला आणि म्हणाला, बराकपूर, बापी. शंभूदांनी टाइप केलं, बापी. पुढचा आला, नैहाटीचा खोकोन. शंभूदांनी टाइप केलं, खोकोन. मला वाटलं, हे काय लहान मुलांचं चाललंय. ही नावं त्या नोंदीत होती कुठे? तर पत्त्याच्या शेवटच्या ओळीत, कंसात. बंगाली माणसाला दोन नावं असतात. एक भालोनाम, म्हणजे शाळेत, लग्नपत्रिकेत आणि लायसन्सवर लिहायचं. दुसरं डाकनाम, म्हणजे हाक मारायचं. हे घरातलं नाव माणूस साठीचा झाला तरी सुटत नाही. ज्याच्याशी पिढीजात व्यवहार आहे त्याचं भालोनाम शंभूदांना माहीतही नसायचं. मालकाचं नाव म्हणून सॉफ्टवेअर करणाऱ्याने जे घेतलं होतं, त्यावरून त्या काउंटरवर कुणीच कुणाला शोधत नव्हतं. यंत्र मात्र प्रत्येक ‘खोकोन’साठी सगळ्यांचे पत्ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसायचं.

मी डाकनामाचा वेगळा रकाना केला, गावाचं नाव आणि डाकनाम मिळून इंडेक्स लावला. दुसऱ्या दिवशी शंभूदांनी ‘खोकोन’ टाकलं आणि त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं, कारण उत्तर त्यांचं बोट उचलायच्या आधीच आलं होतं. साहाबाबूंनी माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि आतून संदेश मिठाईचा खोका मागवला.

त्या दिवसापासून साहाबाबू माझे झाले. ऑफिसचा नंबर वगैरे त्यांना ठाऊकच नव्हता. काही अडलं की थेट माझ्या मोबाइलवर, ‘दीदी, होच्छे ना केनो?’ म्हणजे होत का नाहीये. मी दात घासत असले तरी फोन, कुकरची शिट्टी मोजत असले तरी फोन. नवरा म्हणायचा, आपल्यापेक्षा तुझ्या साहाबाबूंचा संसार मोठा आहे. मी वरवर कुरकुर करायचे, पण आतून सुखावत असे. विश्वकर्मा पूजेला इथे सगळ्या अवजारांची पूजा करतात, आपल्याकडे खंडेनवमीला करतो तशी, आणि त्या दिवशी यंत्रं बंद ठेवतात. साहाबाबू मला न चुकता बोलवायचे. त्यांच्या सर्व्हरला हार घातला, टिळा लावला की ते भटजींना म्हणायचे, आमच्या दीदींनाही लावा, खरं यंत्र त्याच आहेत. सगळे हसायचे. मी टिळा पुसायचे नाही, तसाच ऑफिसला घेऊन जायचे.

पण त्यांच्याकडे मी केलेली खरी करामत वेगळीच होती, आणि ती वर्षातून एकदाच दिसायची. साहाबाबूंच्या वडिलांपासून त्या पेढीची एक पद्धत आहे. मुदत संपलेला माल ते वर्षभर परत घेत नाहीत. महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या, आधीचे काही दिवस परतीचे म्हणून ठरलेले. दुर्गापूजेआधी प्रत्येक दुकानदाराने आपली कपाटं झाडायची आणि जुनी औषधं पिशव्या भरून घेऊन यायची. आता हा माल आपणच विकला होता की भलत्याच कुणाचा गळ्यात मारला जातोय, हे बघायचं तर पाकिटावरच्या बॅच नंबरावरून कित्येक वर्षांची विक्री धुंडाळावी लागते. एरवी वर्षभर बॅच नंबर कुणी विचारत नाही. मी फक्त त्या दिवसांसाठी बॅच नंबरचा इंडेक्स करून ठेवला होता. वर्षभर तो नुसता पडून असायचा, आणि त्या दिवसांत एकट्याच्या खांद्यावर अख्खी रांग पेलायचा. मला तो फार आवडायचा. आपण स्वतःला ज्यात बघतो अशा काही वस्तू असतात.

मग ती आली. झालं असं, की साहाबाबूंचा सर्व्हर म्हातारा झाला आणि सगळ्यांसारखाच त्यांचाही डेटाबेस क्लाउडवर न्यायचं ठरलं, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रावर भाड्याने. तिथे एक सोय मिळते. इंडेक्स आपोआप करणारी. ती दिवसभर बघत बसते, कोण काय विचारतंय, कशाला वेळ लागतोय. मग स्वतःच इंडेक्स करून बघते, फायदा झाला तर ठेवते, नाही झाला तर मुकाट्याने काढून टाकते. एखाद्या इंडेक्सला बरेच महिने कुणी हात लावला नाही तर तोही काढते. ती रजा घेत नाही, भाचीच्या लग्नाला नागपूरला जात नाही. मी घरी येऊन नवऱ्याला हे सगळं तावातावाने सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तो म्हणाला, “म्हणजे सवत आली म्हण की.” तेव्हापासून घरात तिचं तेच नाव पडलं.

आमच्या साहेबांनी विचारलं, साहाबाबूंचं पुढे कसं करायचं, हाताने की आपोआप? हा प्रश्न माझ्याइतकाच पारोमिताला विचारला होता. पारोमिता माझ्या हाताखाली तयार झालेली. बराकपूरहून रोज सियालदह, तिथून मेट्रोने सेक्टर फाइव्ह. लोकलमध्ये उभ्या उभ्या झोप काढून ऑफिसात टवटवीत येणारी, आणि म्हणून माझ्या जळण्याच्या यादीत आधीपासूनच असलेली. ती म्हणाली, अनघादी, भांडण कशाला, डेटाबेसची एक नक्कल काढू. तुमचे सगळे इंडेक्स त्यातून काढून टाकू, पेढीवरच्या नेहमीच्या विचारणा त्यावर सोडू, आणि ती काय करते बघू. मी लगेच हो म्हटलं. मला खात्री होती की डाकनामाशी येऊन सवत आपटणार. तिला बंगाली कुठे येतं?

तिला बंगाली यायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन टेबलाशी आले, तर पारोमिताने स्क्रीन माझ्याकडे वळवला. गाव आणि डाकनाम मिळून इंडेक्स, अगदी मी केला होता तसा, त्याच क्रमाने. खोकोन कोण, त्याला त्याच्या आईने काय हाक मारली, शंभूदा कोण, कशाचा पत्ता नसताना. मी स्टुलावर बसून पाठ मोडून घेतली होती, आणि हिने नुसतं मोजून काढलं. मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. मला राग आला. जावेचा मोदक माझ्यापेक्षा सुबक झाला की येतो तोच राग.

त्याहून वाईट पुढे होतं. तिने एक असा इंडेक्स केला होता की जो मी कधी केलाच नव्हता. कुठल्या गाडीचा कुठला माल अजून गेला नाही, यावरून शोधणारा. मला कळेना, हे विचारतं कोण? शंभूदांना फोन केला. ते म्हणाले, रोज संध्याकाळी माल पोचवणाऱ्या गाड्या निघतात तेव्हा हे बघावं लागतं, आणि त्याला इतका वेळ लागतो की तेवढ्यात आमचं मुरी, म्हणजे चुरमुरे, खाऊन होतं. इतकी वर्षं? मी विचारलं. मग कधी बोलला नाहीत? शंभूदा म्हणाले, ते तसंच असतं असं वाटायचं. मी नेहमी सकाळी जायचे, कारण तक्रार सकाळची होती. संध्याकाळी तिथे काय होतं ते मी पाहिलंच नव्हतं, आणि सवतीने घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या माझ्याच स्वयंपाकघरातलं एक कपाट उघडून दाखवलं होतं.

पण माझ्या हातात हुकमाचं पान होतं. बॅच नंबर. तो इंडेक्स तिने केलाच नाही, कारण नक्कल काढली तेव्हा परतीचे दिवस नव्हते आणि बॅच नंबर कुणी विचारतच नव्हतं. मी पारोमिताला म्हटलं, बघ, हिला फक्त डोळ्यासमोरचं दिसतं. पूजा कधी येते हे हिला कोण सांगणार? पारोमिताने ते मान्य केलं. मग म्हणाली, तेवढा आपण हाताने ठेवू शकतो. पण अनघादी, तो वर्षभर ठेवायचा म्हणजे प्रत्येक विक्रीच्या नोंदीमागे त्याचंही ओझं. नाही ठेवला, तर परतीच्या पहिल्या सकाळी अडेल, ती बघेल आणि करून घेईल. काय परवडतं ते साहाबाबूंनाच विचारू. बोलणं अगदी मुद्द्याचं होतं, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

आम्ही दोघी पेढीच्या माडीवर जाऊन बसलो. मी साहाबाबूंना सगळं समजावून सांगितलं, म्हणजे माझ्या बाजूने. परतीच्या पहिल्या दिवशी सकाळी रांग अडेल, लोकांच्या गाड्या चुकतील, हाताने ठेवलेलंच बरं, तुमची पेढी मी ओळखते, यंत्र ओळखत नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी पारोमिताला काहीच न विचारता मलाच विचारलं.

“दीदी, आप तो रिटायर हो जाएगी. फिर हम किसको फोन करेगा?”

मी भांडत होते ते कुठली पद्धत चांगली याच्यावर, आणि ते विचार करत होते मी नसेन त्या दिवसांचा. पारोमिता आहे, असं मी म्हणू शकले असते. पण ते नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. साहाबाबूंनी ठरवलं, सगळं आपोआपच करू द्या, बॅच नंबरही. वर माझी समजूत काढत म्हणाले, पहिल्या दिवशी अडलं तर मी आहेच की, तुम्हालाच फोन करीन. हे त्यांनी सहज म्हटलं असेल. मी मात्र ते घट्ट धरून ठेवलं.

हिवाळ्यात मी निवृत्त झाले. उन्हाळा लागताना पारोमिताचा फोन आला. तुमचा बॅच नंबरचा इंडेक्स तिने काल काढून टाकला, तुम्हाला कळवावं असं वाटलं, म्हणाली. मुलगी भली आहे. तिचा भलेपणाही मला त्या दिवशी टोचला. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याला उगाचच भाजीवरून बोलले.

मग मी वाट बघू लागले. निवृत्त बायका कशाकशाची वाट बघतात, नातवंडांची, पेन्शनच्या कागदांची. मी सियालदहच्या एका काउंटरवर यंत्र अडण्याची वाट बघत होते. विश्वकर्मा पूजेला साहाबाबूंचं बोलावणं आलं, मी गेले. सर्व्हर तर आता तिथे नव्हता. भटजींना हार कुठे घालावा कळेना, शेवटी भिंतीवरच्या वायफायच्या डबीला घातला. टिळ्याची वेळ आली तेव्हा साहाबाबू कुणाशी तरी फोनवर होते. मला कुणी लावला नाही, आणि मीही तो मागितला नाही.

परतीचा पहिला दिवस उजाडला. मी फोनचा आवाज पूर्ण वाढवून तो ओट्यावर उभा करून ठेवला. काय सांगायचं ते सगळं मनात तयार होतं. आधी थोडं ओढून धरायचं, मग म्हणायचं, मी सांगितलं होतं ना साहाबाबू, आणि मग पारोमिताला फोन करून दोन ओळींत तो इंडेक्स करायला लावायचा. रांग पुन्हा सुरू. सकाळी एकदा फोन वाजला, तर कुणीतरी मला कर्ज द्यायला उत्सुक होतं. दुसऱ्यांदा वाजला, तर थोरली जाऊ. नवरा म्हणाला, अगं, न अडता चाललं असेल. मला तेही सहन होईना. अडायला हवंच होतं. मी हा धंदा उगाच केला होता काय? शेवटी सियालदहच्या बाजारातून फुलकोबी आणते असं सांगून मी मेट्रोत बसले.

पेढीत ऐन दुपार असूनही काउंटरसमोर रांग होती. पिशव्या, खोकी, मुदत संपलेल्या औषधांचा तो कडवट वास. शंभूदांच्या हातात कुणाचं तरी पाकीट होतं. त्यांनी बॅच नंबर टाकला आणि उत्तर लगेच आलं. दुसरा टाकला, लगेच आलं. मी हळूच विचारलं, सकाळपासून असंच चाललंय का? छे, शंभूदा म्हणाले, सकाळी पार अडलं होतं. एकेका पाकिटाला इतका वेळ, की बनगावचे लोक तर गाडी सोडून बसून राहिले. जेवायच्या वेळेच्या सुमारास आपोआप मोकळं झालं.

अडलं होतं. मी सांगितलं होतं तसंच, त्याच दिवशी, त्याच वेळी. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात साहाबाबू माडीवरून उतरले. मला बघून मनापासून खूश झाले. मी हसत हसतच विचारलं, सकाळी अडलं होतं म्हणे, मग मला फोन नाही केलात?

त्यांना प्रश्नच कळला नाही.

“फोन किसलिए, दीदी? पारोमिता बोली थी, वो देख के सीखता है, थोड़ा टाइम दीजिए. तो हम टाइम दिया.” मग रांगेकडे हात करून म्हणाले, “सबको चाय पिलाया.”

खरंच, काउंटरच्या पायाशी चहाच्या रिकाम्या मातीच्या भांड्यांचा ढीग पडला होता. मी रांगेतल्या लोकांकडे बघितलं. गाड्या चुकलेली, दुकानं बंद राहिलेली माणसं, पण कुणाच्या तोंडावर वैताग नव्हता. बराकपूरचा बापी पिशवीवर बसून कुणाशी तरी फुटबॉलवर वाद घालत होता. हाच बापी पूर्वी यंत्र अडलं की काउंटरवर हात आपटायचा, साहाबाबू माझा फोन लावायचे, आणि मी तोंडातली पेस्ट थुंकून धावायचे. ‘दीदी, लाइन सीढ़ी तक आ गया, और कितना टाइम?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की साहाबाबूंचा आवाज त्याच वाक्यात माझ्या डोक्यात बसलाय. पाच मिनिटं म्हटलं तरी ते चार मिनिटांनी पुन्हा विचारायचे.

साहाबाबूंनी माझ्यासाठीही चहा मागवला. मी तो उभ्यानेच प्यायले. सवतीच्या हुशारीचा हेवा मी एव्हाना पचवला होता, तो इंडेक्सही तिने बरोबर केला होता. पण ती चुकली होती, माझ्यासारखीच, भर गर्दीच्या सकाळी, आणि लोकांनी तिला सांभाळून घेतलं होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या पेढीने मला एक अख्खी सकाळ कधी दिली नाही. मला ती एकदा तरी हवी होती.